मांडणीवरची नावं

आमच्या घरात इंग्रजी आलं ते स्वयंपाकघरातून. खरं तर पुस्तकातून यायचं होतं, पण आत्याचा पुस्तकावर भरवसा नव्हता. ती मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणायची, "व्याख्या सगळ्यांना पाठ आहेत. समोर पेला ठेवला तर एकीलाही त्यात नाम दिसत नाही." मी पाचवीत गेले. मराठी शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. पहिल्याच आठवड्यात तिनं मला ओट्यापाशी पाट टाकून बसवलं आणि मांडणीवरचा एक स्टीलचा पेला माझ्यापुढे ठेवला.

घर नारायण पेठेतलं, तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. शेजारशेजारच्या दोन जागा मधली भिंत पाडून एक केलेल्या आणि स्वयंपाकघर मात्र एकच. थोरले काका-काकू, त्यांचा मुलगा, आई-बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. काका सगळ्यांत मोठे, मग आत्या, मग बाबा. आत्यानं लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची घरात कुणाची टाप नव्हती. एकदा लांबच्या एका पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "राहून गेलं. आज पोस्टात जायचं होतं, तेही राहूनच गेलं." पाहुण्यांनी मग पोस्टाच्या वेळेची चौकशी केली.

तर तो पेला. त्या काळात भांडं द्यायचं म्हणजे त्यावर नाव घालून द्यायचं. तुळशीबागेकडच्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात एक माणूस छोटं मशीन घेऊन बसलेला असे. आपण कागदावर मजकूर लिहून द्यायचा आणि तो टर्रर आवाज करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरायचा. कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त, सगळं त्या टीचभर जागेत. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, काही म्हणजे काही सुटायचं नाही. आमच्या मांडणीवर असं अख्खं गणगोत उपडं घालून ठेवलेलं होतं.

"हे काय आहे?" आत्यानं विचारलं.

"पेला."

"जगात असले पेले किती?"

"पुष्कळ."

"मग कॉमन नाउन. आता हे वाच." तिनं पेला फिरवला. त्यावर आईच्या मावशीचं नाव होतं. "अशी मावशी जगात किती?"

"एकच," मी म्हणाले. तिकडून फोडणी टाकता टाकता आई म्हणाली, "नशीब!"

ते झालं प्रॉपर नाउन. पेला कशाचा? स्टीलचा. ते मटेरियल नाउन. एकटाच आला होता का? नाही, सहांचा सेट होता. तो सेट म्हणजे कलेक्टिव्ह. मग आत्यानं बोट ठेवलं ते नावाखालच्या 'सप्रेम भेट' या दोन शब्दांवर. "यातलं प्रेम काढून दाखव." मी पेल्यात डोकावून पाहिलं, अगदी मनापासून. "दिसत नाही ना? हातात येत नाही, पण आहे म्हणून कोरलंय. अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउन. झाले पाच प्रकार. ऊठ, पेला जागेवर ठेव."

हे सगळं अर्ध्या तासात झालं आणि पुढे कधी विसरले नाही. शाळेत बाई फळ्यावर पाच रकाने आखायच्या तेव्हा मला त्या रकान्यांतून आमटीचा वास यायचा.

हळूहळू इमारतीतल्या इतर मुलीही येऊ लागल्या. खालच्या मजल्यावर एक मुसलमान कुटुंब राहायचं, पेठेत पिढ्यान्‌पिढ्या, बांगड्यांचं दुकान होतं त्यांचं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. आत्यानं सगळ्यांना आपापल्या घरून एकेक भांडं आणायला सांगितलं, तर तिनं एक जुना तांब्याचा कटोरा आणला. त्यावर तिच्या पणजोबांचं नाव उर्दूत कोरलेलं. आत्यानं तो खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. "मला हे वाचता येत नाही," ती म्हणाली, "पण प्रॉपर नाउन आहे एवढं नक्की. इतकं सुबक कुणी कॉमन नाउन कोरत नाही." मैत्रिणीनं नाव वाचून दाखवलं आणि आत्यानं ते पाटीवर इंग्रजीत लिहिलं, पहिलं अक्षर ठसठशीत मोठं. ती पाटी न पुसता मैत्रीण घरी घेऊन गेली होती.

सर्वनामांना मांडणी पुरेना, तेव्हा आत्यानं आईला कामाला लावलं. म्हणजे आईला न विचारता. आम्ही मुलींनी ओळीनं बसायचं आणि आई काय काय करते ते सांगायचं, पण 'ती', 'तिनं', 'तिला' यातलं काही वापरायचं नाही. मग व्हायचं असं: "आईनं आईच्या हातानं आईचा पदर खोचला. आईनं कढई घेतली. आईनं कढई पुसली. आईच्या अंगावर तेल उडालं. आई आईला नावं ठेवत्ये." तिसऱ्या वाक्याला आमची हसून मुरकुंडी वळायची. "बघा, किती दमछाक होते," आत्या म्हणायची. "म्हणून सर्वनाम. भाषेला दम खायला दिलेली जागा."

दर्शक सर्वनामं ओट्यावरच्या आणि माळ्यावरच्या डब्यांवरून झाली. जवळचा डबा धिस, माळ्यावरचा दॅट. प्रश्नार्थक सर्वनामं आईनं आपणहून पुरवली. आईचं शिक्षण गावाकडे नववीला थांबलेलं, पण तोंड ओट्याकडे असलं तरी कान आमच्याकडे असायचे. एका संध्याकाळी ती गर्रकन वळली आणि म्हणाली, "हू टूक माय कढई?"

कढई आत्याच्या मांडीवर होती, मटेरियल नाउनच्या उजळणीसाठी. "व्हेरी गुड, वहिनी," आत्या म्हणाली. "वाक्य बिनचूक आहे."

"वाक्य राहू द्या, वन्सं. तुमची नामं झाली असतील तर कढई द्या. भाजी टाकायचीये."

या दोघींचं हे असं चालायचं. मिठाच्या बरणीची जागा, दूध किती आटवायचं, खिडकी उघडी की बंद, कशावरूनही. मोठ्यानं भांडण कधी नाही, एकेरीवर कधी नाही. वन्सं आणि वहिनी, तुम्ही आणि तुम्ही. आत्या म्हणायची, "वहिनी, आमटी आज फारच सोज्वळ झालीये." आई म्हणायची, "उद्या तुमच्यासारखी करते, वन्सं." बाबा आणि काका त्या वेळी पेपरात डोकं खुपसून बसत. आणि तरी मला गोवर झाला तेव्हा रात्रपाळ्या या दोघींनीच वाटून घेतल्या होत्या, आणि बाबा फिरतीवर असत तेव्हा शाळेच्या पालकसभेला आत्याच जायची. आमच्या घरात कुणी कमी पडलं की त्याच्या ऐवजी आत्या असे. मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. पाण्याला नळ असतो तशी आत्या होती.

तिचं एक लाडकं सर्वनाम होतं, मायसेल्फ. भोपळी मिरची एवढीशी चिरून झाली की म्हणायची, "आय डिड इट मायसेल्फ." सायकल पंक्चर झाली, स्वतः ढकलत आणली, मायसेल्फ. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात सकाळी एकटीच रिक्षा करून गेली आणि बाबा तिथे पोचले तेव्हा पट्टी बांधून बाकावर बसलेली. "येताना थर्मास आणलास का?" एवढंच विचारलं. निवृत्त झाली तेव्हा शाळेनं शाल आणि नारळ दिला. शाल तिनं घडी करून ठेवली. आईनं नारळाच्या वड्या केल्या आणि त्याही जरा कडकच झाल्या असं आत्याचं मत पडलं.

आता हे सगळं आठवताना मला हसू येतं. त्या स्वयंपाकघरात संध्याकाळी पिवळा बल्ब लागायचा, कुकरच्या शिट्या व्हायच्या आणि मधूनच कुणीतरी ओरडायचं, "प्लूरल सांग, प्लूरल!" तशी संध्याकाळ मला पुन्हा कुठे मिळाली नाही. माझ्या मुलांना मी उत्तम शाळेत घातलं. त्यांना नाउनचे प्रकार टॅबलेटवर रंगीत चित्रांतून शिकवले. छान शिकली, आणि सुट्टीत विसरली.

लग्न होऊन मी विश्रांतवाडीला गेले. पुढे बाबा गेले. आणि दोन वर्षांपूर्वी आमची इमारत पुनर्विकासाला द्यायचं ठरलं. सगळ्या पेठेत तेच चाललंय, आमची राहून कशी जाईल? इमारत पाडणार, नवी उभी राहायला काही वर्षं लागणार, तोवर प्रत्येकानं भाड्यानं दुसरीकडे राहायचं. नव्या इमारतीत एक फ्लॅट काकांचा, एक आईचा. आत्यानं हक्कसोडपत्र आजोबा गेले तेव्हाच करून दिलं होतं. तेव्हा बहिणी तसं देतच, कुणी मागितलंसुद्धा नव्हतं.

काका-काकू त्यांच्या मुलाकडे जाणार होते. आईनं माझ्याजवळ विश्रांतवाडीला फ्लॅट पाहिला. आत्या कुठे जाणार हे कुणी बोललं नाही. आईनं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही, काकांनी विषय काढला नाही. आम्ही जेवणाच्या टेबलावर ट्रकवाल्याबद्दल तासभर बोलायचो, आणि आत्या ताटातली कोशिंबीर बाजूला सारत ऐकत असायची.

मग भांडी वाटायचा दिवस आला. गेली कित्येक वर्षं त्या मांडणीवर कुणाचं काय हे कुणी पाहिलंच नव्हतं. आता पाहायची वेळ आली, आणि वाटणीची सोपी रीत काकूंनीच सुचवली: ज्याच्या लग्नातलं, ज्याच्या मुंजीतलं, त्याचं ते. नाव वाचायचं आणि ढिगात टाकायचं. अक्षरं झिजलेली, आमच्या कुणाच्या नजरेला लागेनात. आत्या भिंग घेऊन पाटावर बसली. एकेक भांडं उजेडात तिरकं धरायची, वाचायची आणि सांगायची. "दादाच्या मुंजीचा तांब्या. तिकडे. वहिनींच्या मामांकडची परात. इकडे. हा गडवा दोघांच्याही लग्नाच्या आधीचा, आमच्या आईचा, तुमचं तुम्ही ठरवा." शाळेत वह्या तपासायची तशी भराभर. दुपार कलली तेव्हा मांडणी रिकामी झाली होती आणि फरशीवर दोन ढीग होते. एक काकांचा, एक आमचा.

आई हात पुसत उभी होती. दोन्ही ढिगांकडे पाहून म्हणाली, "वन्सं, तुमचा कुठाय?"

"माझा कसा असेल?" आत्यानं भिंग घडीच्या रुमालात गुंडाळलं. "भांडी लग्नात मिळतात, वहिनी."

काकूंनी उगाच एक वाटी उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

"आणि मला लागणारही नाहीत," आत्या म्हणाली. "मी सोय केली आहे. स्वारगेटहून बस जाते तिकडे एक वृद्धांसाठीची जागा आहे. खोली आहे, जेवणखाण आहे. रविवारी जाऊन सही करून यायचं. सामान फार नाहीच माझं."

आई एकदम लाल झाली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "मला विचारलंत?"

"तुम्ही मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? दोन बेडरूमचा फ्लॅट काय मी एकटीनं लोळायला बघितला?"

"ते तुम्ही मनात बघितलात, वहिनी. मला मनातलं वाचता येत नाही. कोरलेलंसुद्धा आता भिंगातून वाचते." आणि ती उठून आतल्या खोलीत गेली. तिचं चूक नव्हतं. सगळं आयुष्य सगळ्यांनी तिला गृहीत धरायचं, आणि एकदाही तोंडानं म्हणायचं नाही, याचा तिला कंटाळा आला असणार. पण ती सही करणार म्हणजे करणार हेही मला माहीत होतं. तिनं एकदा ठरवलेलं कधी मोडलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं झालं. रविवारी सकाळी आत्या पर्स घेऊन निघाली तर आई दारात चप्पल घालून तयार. "मीही येते. माणसानं कुठे जायचं ते घरच्यांना ठाऊक असावं." मीही निघाले. स्वारगेटला बसमध्ये आत्या खिडकीशी बसली, आई तिच्या शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन. वाट तासाभराची होती.

जागा वाईट असती तर सोपं झालं असतं. वाईट नव्हती. अंगण झाडलेलं, कडेला जास्वंदी, ओसरीवर चारपाच म्हाताऱ्या शेंगा सोलत बसलेल्या. तिथल्या व्यवस्थापक बाई मोकळ्या, हसतमुख. खोलीत टेबल होतं, पुस्तकांना फळी होती. आत्यानं खिडकी उघडझाप करून पाहिली आणि म्हणाली, "उजेड चांगला आहे." ती खोली तिला आवडली होती.

जेवायची वेळ झाली म्हणून आम्हालाही पानावर बसवलं. वाढणारी बाई गावातली. "भाकर हाय, भात हाय, लाजू नका," म्हणत आग्रह करत होती. ताटं देणगीतली. आत्यानं सवयीनं ताट तिरकं केलं आणि वाचलं. कुणाच्या तरी स्मरणार्थ. माझ्या ताटावरही स्मरणार्थ, आईच्याही. आत्यानं ताट सरळ केलं आणि नेहमीसारखी शेवटचं शीतसुद्धा न टाकता जेवली. आई मात्र भात चिवडत राहिली. आमटीबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही, आणि आमटी खरोखर पाणी होती.

मग ऑफिसात बसलो. व्यवस्थापक बाईंनी कागद पुढे केला, आत्यानं पेन काढलं. बाई एकेक विचारून लिहून घेत होत्या. पूर्ण नाव, वय, औषधं. आत्या न अडखळता सांगत होती.

"आणि कधी काही झालं तर कुणाला कळवायचं?"

"कुणाला नको," आत्या म्हणाली. "मी माझं बघते. रेघ मारा तिथे."

आईची पिशवी खाली पडली. त्यातून लाडवांचा डबा घरंगळत कोपऱ्यात गेला. तो उचलायला मी वाकले, आणि वर पाहते तर आई उभी होती, टेबलाची कड धरून.

"रेघ मारू नका," ती त्या बाईंना म्हणाली. मग आत्याकडे वळली. "मला ही आई म्हणते. तिची मुलं आजी म्हणतात, पुतण्या काकू म्हणतो. जाऊबाई आणि भाऊजी नावानं हाक मारतात. 'अगं' म्हणणारे गेले. शेजारीपाजारी काहीही म्हणोत, पण त्या घरात मी सून होऊन आले तेव्हापासून मला वहिनी म्हणणारं माणूस एकच आहे, वन्सं. तुम्ही इथे राहिलात तर मी वहिनी कुणाची?"

पंखा फिरत होता. आत्यानं त्या कागदाकडे पाहिलं, मग आईकडे. माझे डोळे भरून आले होते आणि मला नीट दिसत नव्हतं.

आत्यानं पेनाला टोपण लावलं. ते पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन ओढली, आणि खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली.

"डोळे पुसा, वहिनी," ती म्हणाली. "बस चुकेल आपली."